उशी, कोनमापक आणि साडेदहाची बस

"पंच्याऐंशी," मी म्हटलं.

"कालसारखे, की खरे?" सर म्हणाले.

गुडघा बदलून सतरावा दिवस. गणिताचे निवृत्त शिक्षक पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले आणि मी त्यांच्या पायाशी, लांब पात्यांचा कोनमापक हातात धरून. सरांनी उशीखालून एक कागद काढला. आदल्या दिवशी मी मोजत होते तेव्हा नातवाने बाजूने मोबाइलवर फोटो काढला होता. सरांनी तो छापून आणवला आणि कंपासपेटीतला कोनमापक त्यावर ठेवून पेन्सिलीने दोन रेषा ओढल्या. कोन ब्याऐंशी अंश. मी सांगितले होते पंच्याऐंशी.

"छत्तीस वर्षं पेपर तपासलेत मी, बाई. काठावरच्या पोराला पलीकडे ढकलायला वाढवलेले तीन मार्क मला लांबून दिसतात."

कान लाल झाले माझे. पण खरं सांगते, हे आम्ही करतो. गेली वीसेक वर्षं मी पुण्यात घरोघरी जाऊन सांधे बदललेल्या माणसांकडून व्यायाम करून घेते आहे. गुडघा वाकवताना माणसाच्या कपाळावर घाम येतो, दात आवळले जातात, आणि मग तो निकालाला आलेल्या मुलासारखा विचारतो, "किती झालं?" अशा वेळी ब्याऐंशीचे पंच्याऐंशी करायला काही लागत नाही. हुरूप टिकावा म्हणूनच करतो आम्ही ते.

सरांनी मला दाखवलं की त्याने हुरूप टिकत नाही. पेशंटला खोटा आकडा कळतो. कळला की तो खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही. त्या दिवसापासून मी आकडा सांगते तो कोनमापकावर दिसेल तोच.

सरांनी भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. एक रेघ गुडघा किती वाकतो त्याची, दुसरी किती सरळ होतो त्याची. एका सोमवारी अठ्ठ्याऐंशी आणि मंगळवारी चौऱ्याऐंशी आलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग दोघांनी मिळून कारण शोधलं. सोमवारी संध्याकाळी जुने विद्यार्थी भेटायला आले होते आणि सर तीन तास पाय लोंबकळत ठेवून गप्पा मारत बसले होते. सूज आली, कोन घटला. त्यांनी आलेखाखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, "सोमवारची तुलना सोमवारशी. मंगळवारशी नाही." ते वाक्य मी आजही उधार वापरते.

पाकीट

आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगते. नावं सांगणार नाही आणि काही खुणा बदलल्या आहेत, पण किस्से घडलेले आहेत.

शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात माणूस वॉकर धरून पहिली चार पावलं टाकतो, तेव्हा नर्सपासून शेजारच्या खोलीतल्या नातेवाइकांपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. घरी आलं की शहाळी येतात, पाहुणे येतात, परदेशातला मुलगा पंधरा दिवसांची रजा काढून आलेला असतो. मग टाके निघतात, पाहुणे आटपतात, मुलाचं विमान सुटतं. साधारण तिसरा आठवडा असतो तो. गुडघा अजून सुजलेला असतो, हात लावला तर कोमट लागतो, रात्री ठणकतो आणि झोप येत नाही. टाळ्या केव्हाच थांबलेल्या असतात. मी निघताना चपला घालत असते आणि घरातली माणसं आत असतात, तेव्हा पेशंट हळूच म्हणतो, "उगाच केलं बघा ऑपरेशन. पैसे देऊन दुखणं विकत घेतलं."

हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकलं आहे की आता पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून ठेवते: "साधारण विसाव्या दिवशी तुम्ही मला म्हणाल की ऑपरेशन उगाच केलं." चिठ्ठी पाकिटात घालते, पाकीट चिकटवते आणि नवऱ्याकडे किंवा बायकोकडे देते. पेशंटने ते वाक्य उच्चारलं की फोडायचं. खाली आणखी दोन-चार ओळी असतात. पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, तेव्हा पाय आपला वाटत नाही, हे बरोबरच आहे. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटेल, कारण त्वचेची बारीक नस कापली जाते. चालताना आतून टक असा आवाज येईल, कारण आत धातू आणि प्लास्टिक आहे. यातलं काहीही बिघडल्याची खूण नाही.

आणि शेवटी लाल शाईत: पोटरी सुजून दुखली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर हे पाकीट वाचत बसू नका, लगेच सर्जनना फोन करा.

पाकीट फोडलं की बहुतेक जण हसतात. दुखणं तेवढंच असतं. पण आपण वाट चुकलो नाही, हे स्टेशन वाटेवरचंच आहे, एवढं कळलं की माणूस पुन्हा पाय उचलतो. एका आजीने मात्र दुसऱ्याच दिवशी पाकीट फोडायला लावलं. म्हणाली, "मला आजच वाटतंय. विसाव्या दिवसापर्यंत कोण थांबणार?"

पंतप्रधानांचा दुसरा गुडघा

ऑक्टोबर २००० मध्ये मी फिजिओथेरपी शिकत होते. तेव्हा अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते आणि त्यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. शस्त्रक्रियेसाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. हे मूळचे मध्य प्रदेशातले. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इनसॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर त्यांनी कृत्रिम गुडघ्याची जी रचना घडवली, तिच्या पायावर आजचे बहुतेक गुडघे उभे आहेत. आम्ही विद्यार्थी पेपरातलं गुडघ्याचं चित्र कापून वहीत चिकटवत होतो. त्याआधी आजीला "सांधा बदलतात" म्हटलं तर ती देवाचं नाव घ्यायची. त्या वर्षानंतर दाराशी आलेला भाजीवालाही "वाजपेयींसारखं ऑपरेशन" म्हणू लागला.

घाबरलेले पेशंट अजूनही विचारतात, "वाजपेयी चालायला लागले होते ना?" मी त्यांना वेगळं सांगते. जून २००१ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी, ते दुसरा गुडघा बदलायला पुन्हा त्याच रुग्णालयात गेले आणि जुलैच्या मध्यावर आग्र्याला मुशर्रफांबरोबरच्या बोलण्यांना बसले. पहिल्या वेळी माणूस अज्ञानात हो म्हणतो. तिसरा आठवडा काय असतो हे माहीत झाल्यावर दुसऱ्या पायाला हो म्हणणं, हे खरं प्रशस्तिपत्रक. माझे कितीतरी पेशंट पहिल्या महिन्यात शपथ घेतात की दुसऱ्या पायाला हात लावू देणार नाही. त्यातले बरेच जण वर्षाने स्वतःच फोन करतात.

सुनेचा कट

आता उशीबद्दल. आमचा सगळ्यात मोठा शत्रू तीच.

गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटतं. किंचित वाकलेल्या गुडघ्यात सुजेला जागा मिळते, ताण कमी होतो. पण तसाच राहिला तर तो पुरता सरळ होत नाही. मग उभं राहिलं तरी मांडीचा स्नायू सतत राबत राहतो, दहा पावलांत दमतो आणि चालणं लंगडं होतं. उशी ठेवायची तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली येतो. हे दुखतं. म्हणूनच पेठेतल्या एका वाड्यात मी सकाळी काढलेली उशी दुसऱ्या दिवशी पुन्हा आजीच्या गुडघ्याखाली असायची. कुणी ठेवली विचारलं की थोरला धाकट्याकडे बघायचा, धाकटा नातीकडे. आईला दुखतंय म्हटल्यावर राहवत नव्हतं कुणालाच.

पाणी हातात, रिमोट हातात, चहा हातात. आजी दिवसातून जेमतेम दोनदा उठायची, तेही कमोडसाठी. मी कितीही समजावलं तरी "उद्या करू हां" म्हणायची.

शेवटी मी सुनेला जिन्यात गाठलं आणि आमचा कट शिजला. दुसऱ्या दिवसापासून चहा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिळू लागला. पाण्याचा तांब्या तिथेच. रिमोट टीव्हीच्या डोक्यावर. पलंगापासून टेबलापर्यंत एकोणीस पावलं, दिवसाला सात-आठ फेऱ्या. वेगळा व्यायाम म्हणून सांगितला असता तर आजीने यातल्या दोनही केल्या नसत्या.

भोगलं मात्र सुनेने. नणंदेने व्हिडिओ कॉलवर पाहिलं की आई वॉकर ओढत चहाला चालली आहे आणि वहिनी ओट्यापाशी उभी आहे. त्या संध्याकाळी घरात काय झालं ते मला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सुनेचे डोळे सुजलेले होते. मी नणंदेला फोन करून सगळं समजावलं. आता मी कुठल्याही घरात पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवते, लांबच्यांना फोनवर घेते, आणि सांगते की पुढचे दोन महिने या घरात निष्ठुर दिसणारं माणूस बहुधा सगळ्यात जास्त सेवा करत असेल.

महिन्याने आजी काठीवर आली. निरोप घेताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमचा दोघींचा कट मला तिसऱ्याच दिवशी कळला होता. पण टेबलावर चहा गरम मिळत होता, म्हणून गप्प बसले."

माझ्या वहीतला शब्द

प्रत्येक किस्सा असा गोड नाही.

एक हार्डवेअरचे दुकानदार होते. दुकानात दिवसभर उभे राहून गुडघे झिजलेले, पण ऑपरेशननंतर व्यायामाला हात लावत नसत. मी रोज विचारायची, "केला का व्यायाम?" ते रोज मान खाली घालायचे. मी वहीत लिहिलं, "आळशी. सहकार्य नाही." चार-पाच आठवडे गेले, गुडघा सत्तरच्या पुढे वाकेना. सत्तर अंशांत सपाट जमिनीवर चालता येतं, पण जिना चढायला त्याहून जास्त लागतं आणि खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायला तर नव्वदच्याही थोडं वर.

एके दिवशी मी टेप शोधताना टेबलाचा खण उघडला. आत वेदनाशामक गोळ्यांच्या अख्ख्या पट्ट्या, एकही न फोडलेली. दुकानात कुणीतरी सांगितलं होतं की या गोळ्यांनी किडनी जाते. त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि ते कुणालाच सांगितलं नव्हतं. महिनाभर तो माणूस रात्र रात्र जागत होता आणि सकाळी मी येऊन त्याचा गुडघा वाकवत होते.

सर्जननी तपासण्या केल्या, त्यांना चालतील अशा गोळ्या बसवून दिल्या. पण तोवर आत आवळून आलं होतं. शेवटी भूल देऊन गुडघा मोकळा करावा लागला. पुढे तो शंभरच्या वर गेला, ते दुकानात उभे राहिले. पण जे भोगावं लागलं त्यातलं निम्मं टळलं असतं. मी "केला का?" विचारलं, "झोप लागली का?" विचारलं नाही. आता पहिला प्रश्न झोपेचा. गोळी आणि व्यायाम यांत अर्धा-पाऊण तास ठेवते, म्हणजे गोळीचा असर असताना पाय हलतो. आणि "आळशी" हा शब्द वहीत पुन्हा लिहिलेला नाही. ज्याला आपण कंटाळा म्हणतो ते पुष्कळदा दुखणं असतं, नाहीतर भीती.

पेटीमास्तर

भीतीचा एक चुलतभाऊ आहे, दुःख. हे मला एका पेटीमास्तरांनी शिकवलं. पन्नास वर्षं सतरंजीवर मांडी घालून हार्मोनियम शिकवलेला माणूस. गुडघा उत्तम बसला होता, टाके सुंदर भरले होते, पण मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी येताच "उद्या या" म्हणायचे.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "मास्तर, कसला विचार करताय?"

"मांडी कधी घालता येईल?"

घरच्यांनी त्यांना "होईल हो सगळं पहिल्यासारखं" असं सांगून ऑपरेशनला नेलं होतं. सर्जननी मात्र मांडी आणि उकिडवं बसणं टाळा असं स्पष्ट म्हटलं होतं. ते वाक्य आणि घरच्यांचं वाक्य यांच्या मधे मास्तर अडकले होते. मी खरं सांगितलं. कदाचित गुडघा वाकेलही, पण रोज तासन्‌तास मांडी घालून बसायची सवय या सांध्याला लावू नये. आता बैठक बदलावी लागेल. मास्तर दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "हे आधीच सांगायला काय झालं होतं?"

गुडघा बदललेल्या साधारण पाचांतला एक जण नंतर पुरता समाधानी नसतो, असं परदेशातल्या मोठ्या अभ्यासांत आढळलं आहे. त्यामागे कारणं अनेक असतात. पण मनात धरलेलं आणि हाती आलेलं यांतलं अंतर हे त्यातलं एक मोठं कारण, असा माझा अनुभव आहे. न परतणाऱ्या गोष्टीसाठी माणसाला जरा रडू द्यावं लागतं. "सगळं पहिल्यासारखं" म्हणून दिलेला धीर तीन आठवडेही टिकत नाही.

मास्तरांच्या शिष्यांनी सुताराकडून पेटीच्या मापाचं उंच टेबल करून आणलं. मास्तर आधी म्हणाले, "खुर्चीवर बसून वाजवू? मी काय ऑफिसात आहे?" पण भात्याला हात गेला आणि पायाने आपोआप ताल धरला. ऑपरेशन झालेल्याच पायाने. मी तो ताल व्यायामात मोजला. पुढे आमचा सगळा व्यायाम मात्रांवर चालला. पाय उचलून आठ मात्रा धरायचा, आठ मात्रांत सोडायचा. मीच घाईने मोजलं तर मास्तर ओरडायचे, "लय वाढवू नका!"

साडेदहाची बस

शेवटचा किस्सा पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा. सहा घरी पोळ्या, सगळं उभ्याने. कितीतरी वर्षं पैसे साठवत होत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा आणली आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरवली. पुढच्या वर्षी मावशींनी धीर केला.

पहिल्या दिवशी मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, बरं झाल्यावर काय करायचंय?" बहुतेक जण म्हणतात "चालायचंय". मावशी म्हणाल्या, "साडेदहाची बस पकडायची. ती चुकली की दोन घरं जातात."

असं उत्तर मिळालं की आमचं अर्धं काम झालं. आम्ही बसची पायरी मोजून आणली. ती घरच्या जिन्याच्या पायरीपेक्षा बरीच उंच. मग त्यांच्या एका खोलीत पाटावर पाट, खाली विटा, भिंतीला धरायला दोरी, अशी बस तयार झाली. दर आठवड्याला एक वीट वाढायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आमच्यात याची एक म्हण आहे: स्वर्गात जाताना चांगला, नरकात जाताना वाईट. मावशींनी विचारलं, "आणि कामावर जाताना कुठला?"

अकराव्या आठवड्यात आम्ही थांब्यावर गेलो. पहिल्या दिवशी नुसतं उभं राहिलो आणि साडेदहाची बस येऊन गेलेली बघितली. चालक किती वेळ थांबतो ते मावशींनी मनात मोजलं. दुसऱ्या दिवशी दोघी चढलो, पुढच्या थांब्यावर उतरलो, चालत परत आलो. तिसऱ्या दिवशी मी फुटपाथवरच थांबले. मावशींनी दांडा धरला, चांगला पाय वर, मग दुसरा, आणि आत गेल्या. बस हलली तशी खिडकीतून ओरडल्या, "ताई, तुमचे पैसे संध्याकाळी!"

मला लोक विचारतात की इतक्या दुखण्यात माणसाची उमेद कशी टिकवता. मी ती टिकवत नाही. गुडघ्यासाठी कुणी चालत नाही. कुठेतरी जायचं असतं म्हणून माणूस चालतो. सरांना खरा आकडा गाठायचा होता, आजीला गरम चहा, मास्तरांना पेटी, मावशींना बस. ते ठिकाण कुठलं हे शोधून काढणं आणि तिथवरच्या पायऱ्या मोजणं, एवढंच माझं काम. बसवलेला गुडघा बहुतेकांना वीस-पंचवीस वर्षं साथ देतो. त्यातले पहिले तीन महिने तेवढे अवघड असतात.

तुमच्या घरात कुणी त्या तीन महिन्यांत असेल, तर रोज दोनच प्रश्न विचारा. रात्री झोप लागली का? आणि आज कुठपर्यंत गेलात? बाकी काही आठवलं नाही तरी चालेल. फक्त उशी टाचेखाली ठेवा.